वाचकांचे प्रश्न : ताटापाशी कागद मागू नये

प्रश्न : आमच्या जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयासमोर आम्ही आठ मैत्रिणी गेले दीड वर्ष रोज दुपारी शंभर-सव्वाशे माणसांना जेवण देतो. येणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईक अधिक, शिवाय नाक्यावरचे मजूर आणि एकटे राहणारे वृद्ध. आता एक व्यापारी दरमहा गहू-तांदूळ देण्यास तयार आहेत. मात्र जेवण आणि धान्य दोन्ही शिधापत्रिका व आधार पाहूनच द्यावे आणि वाटपाची छायाचित्रे पाठवावीत, अशी त्यांची अट आहे. रांगेत काही चांगल्या कपड्यांतली माणसे दिसत असल्यामुळे आमच्यातल्या काहींना ही अट रास्त वाटते. आम्ही काय करावे?
(एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळी कामे एकत्र आली आहेत. शिजवलेले ताट देणे हे एक, आणि घरी नेण्यासाठी कोरडा शिधा देणे हे दुसरे. दोन्हींचे नियम वेगळे ठेवलेत तर अर्धा पेच सुटेल.

ताटापाशी काहीही विचारू नये, नावसुद्धा नाही. मी स्वतः बारा वर्षे अशाच एका रुग्णालयाजवळच्या अन्नकेंद्रात वाढपाचे काम केले आहे. तेथे पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ सलग नऊ दिवस येत होते आणि आमच्यातही कुजबुज सुरू झाली होती. दहाव्या दिवशी मी त्यांच्या ताटात भात घालायला वाकले, तेव्हा त्या सदऱ्याची कॉलर विरून तिचे धागे निघालेले दिसले. त्यांची पत्नी जळीत विभागात होती. लग्नघरातूनच तिला घेऊन ते थेट आले होते, अंगावरचा तो एकच सदरा रोज रात्री नळावर धुऊन कठड्यावर वाळत घालत होते आणि खिशातला पैसा औषधांत संपला होता. त्यांच्याकडे शिधापत्रिका होती, पण ती गावी, कपाटात. आपल्या व्यापाऱ्यांची अट आमच्याकडे असती तर त्या माणसाला आम्ही परत पाठवले असते. शंभरात दोघे गरज नसताना जेवून गेले तर दोन मुदी भात आणि चार पोळ्या जातील, तेवढ्या जाऊ द्याव्यात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये पंगतीला बसणाऱ्याला कोण, कुठला असे कोणी विचारत नाही, हे तर आपण मराठवाड्यातल्या असल्याने पाहिलेच असेल.

जाता जाता एक सूचना. आपल्या परिसरात शिवभोजन केंद्र चालू असेल तर आपली वेळ बदलण्याचा विचार करावा. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या त्या योजनेत दहा रुपयांत दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि मूदभर भात मिळतो, पण हे जेवण दुपारीच. रुग्णालयाच्या आवारात खरी पंचाईत होते ती रात्री आठनंतर, जेव्हा टपऱ्या बंद होतात आणि रुग्णापाशी बसलेल्या बाईला बाहेर पडताही येत नाही.

शिध्याच्या बाबतीत मात्र चौकशी हवी, पण ती कागदाची नव्हे. घरात खाणारी माणसे किती, चूल आहे की गॅस, सिलिंडर भरलेला आहे का, लहान मूल किंवा मधुमेही कोणी आहे का, एवढे विचारावे. शिधापत्रिकेची अट घातली तर जिच्याकडे पत्रिकाच नाही ती बाई सर्वांत आधी बाहेर पडते, आणि तिलाच धान्य सर्वाधिक हवे असते. उलट, पत्रिका चालू असलेल्या घरी गहू-तांदूळ काही प्रमाणात येतच असतात. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय म्हणजे अतिगरीब कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. अशा घरात नसते ती डाळ, तेल, तिखट-मीठ आणि जळण. आमच्याकडे एका आजींनी दहा किलो गव्हाची पिशवी दुसऱ्याच दिवशी परत आणून ठेवली आणि म्हणाल्या, “बाई, दळणाला पैसे कुठून आणू?” त्या दिवसापासून आम्ही गहू देणे थांबवले आणि पीठ देऊ लागलो.

तेव्हा व्यापाऱ्यांना सांगावे की तेवढ्याच रकमेत तूरडाळ किंवा मूगडाळ, तेलाची पिशवी, मीठ, हळद-तिखट, पोहे आणि शेंगदाणे द्यावेत. गहू-तांदूळ पत्रिका नसलेल्यांपुरते ठेवावेत. पदपथावर झोपणाऱ्या नातेवाइकांकडे चूलच नसते. त्यांना फुटाणे, गूळ-शेंगदाणे, चुरमुरे असे न शिजवता खाता येईल ते द्यावे.

आता कागदांविषयी. कागद महत्त्वाचे आहेतच, आणि मी त्यांना कमी लेखत नाही. फक्त त्यांची जागा ताटापाशी नाही. आठवड्यातून दोन दिवस जेवणाच्या मांडवापासून थोडे दूर एक टेबल मांडावे, तेथे पुरवठा शाखेतून किंवा तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या एखाद्या जाणकाराला बसवावे आणि ज्याला वाटेल त्याने जेवण झाल्यावर तेथे जावे, न वाटल्यास जाऊ नये. आमच्या केंद्रात सर्वाधिक समाधान मला या टेबलानेच दिले. एका गवंड्याच्या घरी तीन महिने धान्य आले नव्हते, कारण सिमेंटने त्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या आणि दुकानातले यंत्र त्याचा अंगठा घेत नव्हते. टेबलावरच्या काकांनी त्याचा हात उलटा करून पाहिला आणि विचारले, “पत्रिकेत मुलीचे नाव आहे ना? मग तिला दुकानात पाठवा.” पत्रिकेत नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो, ही एवढीच गोष्ट त्याला तीन महिन्यांत कोणी सांगितली नव्हती.

अशी कितीतरी कामे निघतील. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना पत्रिका गावी असली तरी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यातही आपले धान्य उचलता येते, हे त्यांना निघण्यापूर्वी सांगायला हवे. वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपयांच्या आत असेल तर प्राधान्य कुटुंबासाठी अर्ज करता येतो. निराधार विधवा आणि अपंगांसाठी संजय गांधी योजना, 65 वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील कार्यालयात जातात. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा हजार रुपये खात्यात मिळतात. त्यासाठी बँक खात्याची नोंद क्षयरोग विभागात नीट झाली आहे का, एवढेच पाहावे लागते. रुग्णालयासमोर असल्याने आपण सर्वांत आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयातल्या त्या योजनेच्या मदतनिसाशी, ओळख करून घ्यावी. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, आणि कित्येक नातेवाईक दागिना गहाण टाकून झाल्यावर त्या खिडकीपाशी पोहोचतात.

या टेबलावरच्या वहीत नाव, काम आणि पुढची तारीख एवढेच लिहावे. आधारच्या छायाप्रती स्वतःकडे ठेवू नयेत.

छायाचित्रांना नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. हात पसरलेला आपला बाप कोणाच्या तरी फोनवर दिसावा, असे कोणत्या मुलीला वाटेल? व्यापाऱ्यांची शंका मात्र रास्त आहे, आपला पैसा कोठे जातो हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. म्हणून पोत्यांची, भरलेल्या पातेल्यांची छायाचित्रे, महिन्याचा आवक-जावक हिशेब आणि किती ताटे गेली याची नोंद त्यांना नियमाने द्यावी. शिवाय एक दिवस त्यांना वाढायला बोलवावे. आमचे सर्वांत कडक देणगीदार एकदा दोन तास वरण वाढून गेले, त्यानंतर त्यांनी यादी मागितली नाही. संस्था नोंदलेली नसेल तर जाहीर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयात जाऊन रीतसर परवानगीचे पाहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या परिसरात तीन मंगल कार्यालये आहेत. तेथे उरलेले अन्न आणून रात्री वाटावे असा तरुणांचा विचार आहे. त्यात काही धोका आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : धोका आहे, आणि तो टाळता येतो. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे स्वतंत्र विनियम आहेत. त्यांप्रमाणे नोंदणी करून घ्यावी आणि अन्न कोठून, किती वाजता आणले याची नोंद ठेवावी. पंगतीत वाढून झालेले काहीही घेऊ नये, फक्त भटारखान्यात झाकून असलेले घ्यावे. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे, म्हणून एक साधा तापमापक जवळ बाळगावा.

सर्वांत सांभाळायचा तो भात. शिजवल्यानंतरही त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दुपारच्या लग्नातला, संध्याकाळपर्यंत तसाच राहिलेला मसालेभात कितीही चांगला दिसला तरी घेऊ नये. कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे शेवटची पंगत बसताच ते फोन करतील. अन्न ताब्यात आल्यापासून दोन तासांच्या आत ते लोकांच्या ताटात पडेल एवढेच अंतर आणि तेवढीच माणसे ठरवावीत. बासुंदी, दहीवडा, खोबऱ्याची चटणी पहिल्यापासूनच सोडून द्यावी.