आधी परडं बघा, मग भिंत

घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर चिपळूणला, चिऱ्याचं, सासऱ्यांनी बांधलेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी खिडकीच्या वर चढलं होतं. त्यानंतर आम्ही तीनदा रंग दिला. दर वेळी गणपतीच्या आधी देतो आणि शिमग्यापर्यंत खालच्या तीन फुटांत पोपडे सुटतात, पांढरी भुकटी पडते. ठेकेदार म्हणतो, आतून वॉटरप्रूफिंगचा कोट मारून वर पुट्टी करू, मग बघायला नको. करावं का? पुराने एकच चांगलं केलं. घरातला गाळ मागच्या परड्यात ओढला, तिथे आता कर्दळ आणि अळू भिंतीला टेकेल इतकं माजलंय.
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, कोट मारू नका. ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती दुसऱ्या कामात वळवून घ्या, पण हा कोट नको.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कर्दळीपाशी थांबलो. कर्दळ आणि अळू ओल असेल तिथेच माजतं. म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीच्या पायाशी बारा महिने ओल आहे, आणि ती पुराची नाही. पुराचं पाणी चिऱ्याच्या भिंतीत इतकी वर्षं टिकत नाही. दोन्ही बाजूंनी वारा लागला तर दोन उन्हाळ्यांत भिंत कोरडी होते. तुमच्याकडे दर पावसाळ्यात नवं पाणी येतंय.

पूर ओसरला तेव्हा आपण सगळ्यांनीच फावड्याने, घमेल्याने गाळ बाहेर काढला. तो रस्त्यावर टाकायला जागा नव्हती, म्हणून जो तो परड्यात ओढत गेला. मीही तेच केलं. त्या दिवसांत जोत्याची उंची कोण मोजणार? पण जुन्या माणसांनी जोतं उंच ठेवलं होतं ते याचसाठी, की बाहेरची माती घरातल्या जमिनीच्या बरीच खाली राहावी आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीला न शिवता निघून जावं. फूटभर गाळ साचला की जोतं मातीत गेलं. आता माती थेट भिंतीला टेकते. चिरा भोकाभोकांचा दगड. समईतली वात तेल ओढते तसा तो पाणी वर ओढतो. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी आतल्या बाजूने उडून जातं, क्षार रंगाखाली साचतात, त्यांचे खडे होतात आणि ते रंगाला मागून ढकलतात. तुम्ही म्हणता ती पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा.

माझं म्हणणं खरं की खोटं, हे तुम्हीच मोजून बघा. मागच्या खोलीच्या खिडकीची खालची चौकट धरा. आतून चौकटीपासून लादीपर्यंत किती इंच, ते मोजा. मग बाहेर जाऊन त्याच चौकटीपासून मातीपर्यंत मोजा. बाहेरचं माप आतल्यापेक्षा निदान फूटभर जास्त हवं. ते कमी भरलं, किंवा दोन्ही सारखीच आली, तर तुमच्या पोपड्यांचं कारण सापडलं.

आतून कोट मारला तर काय होईल? पाणी यायचं थांबणार नाही, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होईल. मग ते कोटाच्या मागून वर चढेल. आज तीन फुटांवर असलेले पोपडे उद्या पाच फुटांवर दिसतील. असं झालेली घरं मी पाहिली आहेत. तिथे शेवटी कोट आणि प्लास्टर दोन्ही छिन्नीने काढावं लागलं.

कामाची सुरुवात बाहेरून करा. कर्दळ, अळू दुसरीकडे लावा. भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीची माती जोत्याच्या खालपर्यंत उतरवा. त्या पट्ट्यात खडी किंवा चिऱ्याचे तुकडे भरा आणि पाण्याला उतार द्या. मोरीचं, टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी त्याच बाजूला पडत नाही ना, तेही बघा. गटार गाळाने तुंबलं असेल तर ते आधी मोकळं करा. हे सगळं मृग लागायच्या आत व्हायला हवं.

आतलं काम दिवाळीनंतर. पावसाळ्यात कोकणातली हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा भिंत वाळत नाही, उलट पिते. पोपडे सुटलेल्या जागेच्या वर आणखी फूटभर जाऊन सगळं सिमेंट प्लास्टर उतरवा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. जिथे बद्द आवाज येईल तिथे प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं आहे, तेही काढा. मग भिंत एप्रिलअखेरपर्यंत उघडी ठेवा. लोणा वर येत राहील. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, सुपलीत गोळा करायचा आणि घरापासून लांब टाकायचा. ओल्या फडक्याने पुसू नका. ओलं फडकं लागलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. पंधरा दिवसांनी परत झाडायचं. दर वेळी भुकटी कमी पडायला हवी.

मे महिन्यात हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. धरलं नाही तर गिलावा करा. चुन्याचा करणारा गवंडी मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीच मिळाला तर एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, त्याहून कडक नको. वर कळीच्या चुन्याची सफेदी : चुना पिंपात भिजवून, गाळून, थोडा डिंक घालून तीन पातळ हात. चुना विरताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय पिंपाजवळ जाऊ नका. सफेदीतून भिंतीला श्वास घेता येतो, बुरशीही लवकर धरत नाही. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट या भिंतीला कधीच नको.

यंदा गणपतीला मुंबईची माणसं येणार आणि भिंत पोपडे सुटलेलीच दिसणार, ही अडचण मला ठाऊक आहे. २०२१ ला चतुर्थी १० सप्टेंबरची होती, पुराला ५० दिवस झाले होते. आईचा आग्रह होता की एवढं सगळं सोसलंय तर बाप्पा तरी स्वच्छ घरात यावा. आयुष्यभर बांधकामावर काढलेला माणूस मी, मला सगळं कळत होतं, तरी तिचं मन मोडवलं नाही. ओटीला आणि देवाच्या खोलीला पिवळा प्लास्टिक पेंट दिला. दिवाळीत फराळाची ताटं मांडली तेव्हा भिंतीवर तळहाताएवढे फोड होते. तो रंग खरवडताना आई दारात उभी होती. पुढच्या वर्षी तिनेच मखराच्या मागे तिची जुनी इरकल लावली. एका वर्षापुरतं असं चालवून घ्या, ताई.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमचं तळमजल्यावरचं सगळं फर्निचर गेलं. कर्ज काढून नवं केलं, ते २०२१ ला गेलं. आता पुन्हा करायचं आहे. कोणतं प्लायवुड पाण्यात टिकेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आठवडाभर पाण्यात राहून शाबूत निघेल असं प्लाय मी तुम्हाला सांगू शकत नाही. आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय इतरांपेक्षा बरंच तग धरतं, पण त्याच्या कडा उघड्या राहिल्या असतील, मागची फळी साध्या प्लायची असेल, तर तेही फुगतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, तर तळमजल्यावर आणूच नका.

तुमची कृष्णा आणि आमची वाशिष्ठी यांत एक मोठा फरक आहे. आमच्याकडे पाणी रात्रीत येतं आणि एक-दोन दिवसांत गाळ टाकून जातं. तुमच्याकडे ते हळू चढतं आणि हळू उतरतं. आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पण तिथे पोचायला त्याला दिवस लागले. हा अवधी तुमच्या हातात आहे, फर्निचर त्या हिशोबाने करा. खाली जे जागचं हलणार नाही ते कडाप्प्याचं : विटांच्या उभ्या भिंती, कडाप्प्याची फडताळं, दारं बिजागरीतून उपसून वर नेता येतील अशी. बाकी सगळं स्क्रूवर जोडलेलं, दोन माणसांना जिन्यावरून नेता येईल एवढ्या तुकड्यांत. भिंतीत ठोकून बसवलेलं वॉर्डरोब सोडून द्या.

सुतार येण्याआधी वायरमनला बोलवा. तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण असेलच. बोर्ड, मीटर, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) शक्य तेवढं त्या खुणेच्या वर घ्या आणि वायर छताकडून खाली उतरवा. तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे खालचं बंद करूनही वर दिवा राहील. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) जर कोणी पुसून पुन्हा बसवले असतील तर ते आजच बदला. वरून चांगले दिसतात, पण आत गाळ असतो, आणि गरज पडेल त्या क्षणी ते वीज तोडत नाहीत. जुनी वायर ठेवायची असेल तर वायरमनकडून मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, लावून घ्या, नुसत्या टेस्टरवर भागवू नका.

सागवानी चौकटी आणि दारं मात्र फेकू नका. दार अडकतं म्हणून लगेच रंधाही मारू नका. बिजागरीतून काढून सावलीत, सपाट, खाली तीन आडव्या पट्ट्या देऊन ठेवा. सागवान वाळलं की बरंचसं जागेवर येतं. घाईने रंधलेलं दार उन्हाळ्यात फटीचं होतं.

प्रश्न : महाडच्या पुरात आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम भिजला. फोटो एकमेकांना चिकटून वाळले आहेत. ओढायला धीर होत नाही. काही करता येईल का?
— एक वाचक भगिनी, महाड

उत्तर : ओढला नाहीत हे फार चांगलं केलंत. जुने फोटो स्टुडिओत धुतलेले असतील तर त्यांच्यावर जिलेटिनचा थर असतो. तोच ओला होऊन चिकटतो आणि पुन्हा ओला केला की बऱ्याचदा सैल होतो. आधी जे दिसतंय त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग पसरट परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन सगळ्यात कमी मोलाची एक जोडी त्यात सोडा. अर्ध्या तासाने बघा. बोटाने रेटू नका, पाण्यालाच सोडवू द्या. फोटो सुटले की चेहरा वर करून सुती कापडावर सावलीत वाळवा. ऊन नको, इस्त्री तर नकोच. रंग पाण्यात उतरताना दिसला तर तिथेच थांबा आणि बाकीचे तसेच राहू द्या. प्रिंटरवर छापलेले फोटो पाण्यात घालायचे नाहीत.

पुन्हा कधी अल्बम भिजला आणि लगेच सोडवायला वेळ नसेल, तर ओला असतानाच पिशवीत घालून वीज असलेल्या कोणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी धरत नाही. महिन्याभराने बाहेर काढून निवांत सोडवता येतो.

माझ्या वडिलांचा एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. तो मी सोडवायला गेलो नाही. काचेसकट त्याचा फोटो काढला, मोठा करून घेतला आणि मूळ फोटो काच न काढता कपाटात उभा ठेवलाय.