आधी तण दाखवा

जुलै उजाडला की माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत येतो: "ताई, कोणतं औषध मारू?" तण कोणतं, ते किती पानांवर आलंय, पीक किती दिवसांचं, याचा पत्ता नसतो. माझी उभी नोकरी परभणीकडच्या काळ्या रानांतली तणं ओळखण्यात गेली. त्यामुळे या सदराची जुनीच अट पुन्हा सांगते. पत्रासोबत तणाचा फोटो पाठवा, उपटून, मुळासकट, आणि शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. या वेळी ज्यांनी ही अट पाळली त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : पाच एकर सोयाबीन आहे. पेरणीनंतर पाऊस लागून राहिला, कोळपं घालायला वापसाच (अवजार चालेल इतपत सुकलेली जमीन) मिळाला नाही. तिसाव्या दिवशी इमॅझेथापायर हे तणनाशक मारलं, पाठीवरच्या पंपाच्या एका टाकीला 40 मिली, एकरी सहा पंप. बारीक गवत गेलं, केना तसाच आहे. उलट सोयाबीनच पिवळं पडलं. दुकानदार म्हणतो, चार दिवसांनी डबल डोस द्या. देऊ का?
— ता. औसा, जि. लातूर

उत्तर : देऊ नका. आधी तुमचाच हिशेब मांडते. दहा टक्के इमॅझेथापायरची मात्रा एकरी 400 मिली. पंपाला 40 मिली हा आकडा एकरी दहा पंप पाणी धरून आलेला आहे. तुम्ही सहा पंपांत एकर उरकलात, म्हणजे रानात पडलं 240 मिली. निम्म्याहून थोडं जास्त. मात्रा नेहमी एकरावर ठरते, पंपावर ठरत नाही, आणि प्रत्येकाच्या चालीप्रमाणे पाणी कमी-जास्त लागतं. घरी एकदा हे करून बघा. 33 फूट लांब, 33 फूट रुंद जागा आखा, म्हणजे एक गुंठा झाला. पंपात मोजून साधं पाणी घाला आणि नेहमीच्या चालीनं फवारा. जितकं पाणी संपलं त्याला 40 नं गुणा. पाच लिटर संपलं तर एकरी 200 लिटर, तणनाशकाला साधारण तेवढं हवंच. अडीच लिटरच संपलं तर तुम्ही पळत होता, किंवा नोझल चुकलंय. कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नोझल इथे कामाचं नाही. सपाट, पंख्यासारखा फवारा देणारं फ्लॅट फॅन लावा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण गावात ते केलेला माणूस शोधून सापडत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. हे औषध तण दोन ते चार पानांवर असताना मारायचं, म्हणजे पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांत. तुमच्या फोटोतला केना काडेपेटीच्या दुप्पट उंच आहे आणि त्याच्या पेरांना मुळं सुटलेली दिसताहेत. एवढा झालेला केना त्या औषधाला भीक घालत नाही. हे तण इरसाल आहे. वर निळी फुलं येतात ती आपल्याला दिसतात, पण काही फुलं तो मातीच्या आतच लावतो, न उमलता तिथेच बी धरतो. खुरप्यानं तुकडे केलेत तर ओल्या रानात प्रत्येक पेर नवं झाड होतं.

चार दिवसांत तण मेलं नाही म्हणून दुसरी फवारणी, हाही घाईचाच मामला. इमॅझेथापायर तणाला जाळत नाही, त्याची वाढ थांबवतं. आतली काही अमिनो आम्लं बनणं बंद होतं आणि ते हळूहळू मरतं. दोन-तीन आठवडे लागतात. सोयाबीनचा पिवळेपणा त्याच औषधाचा आहे, पण सोयाबीन ते पचवतं आणि नवी पानं हिरवी येतात. डबल डोस दिलात तर ते पचणं अवघड होईल. शिवाय हे औषध जमिनीत काही महिने टिकतं, आणि त्यानंतर ज्वारी पेरणार असाल तर ज्वारी त्याला नाजूक आहे. दुकानदाराला तुमची रब्बी पेरायची नाही.

आता करायचं काय? मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून पाच एकर निंदायला सांगत नाही. केना सहसा ठिगळांत असतो. पाणी साचतं तिथे, बांधाकडेला. तेवढीच ठिगळं हातानं उपटून घ्या, पाटीत भरून रानाबाहेर काढा आणि खडकाळ, कोरड्या जागी उन्हात पसरा. ओल्या बांधावर फेकलात तर तो तिथे पुन्हा उभा राहील. फवारलेला आहे, तेव्हा जनावरांना घालू नका. फुलोरा सुरू झाल्यावर कोळपंही घालू नका.

पुढच्या वर्षी पेरल्यापासून 48 तासांच्या आत, उगवण होण्याआधी, ओल्या मातीवर पेंडीमिथॅलिन हे तण उगवतानाच अडवणारं औषध घ्या. 30 टक्क्यांचं असेल तर एकरी एक ते सव्वा लिटर. फवारताना मागे सरकत चला, कारण मातीवर बसलेला औषधाचा थर पायांनी तुडवला की तिथूनच तण वर येतं. पावसानं पुन्हा कोळपणी अडवली तरी पहिले तीन आठवडे हातात राहतात. आणि दरवर्षी एकाच गटाचं औषध नको. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्लीदंडा या तणानं 1990 च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं सोडलं, ते वर्षानुवर्षं तेच एक औषध मारल्यामुळे.

प्रश्न : आमच्या उसात लव्हाळा माजलाय. दोन भांगलणी झाल्या, रोटर मारला, तरी दहा दिवसांत हिरवागार. मल्चिंग पेपर अंथरावा का? शेजारी म्हणतात ग्लायफोसेट मारा.
— ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : रोटरनं तुम्ही लव्हाळ्याची लागण केलीत, असं म्हटलं तर रागावू नका. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत बारीक दोऱ्यांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ शाबूत असते तोवर टोकाची गाठ फुटते, मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. रोटरनं माळ तोडली की त्या सगळ्या जाग्या होतात. भांगलणीत वरची पात जाते, गाठ राहते.

मल्चिंग पेपरवर या तणासाठी पैसे घालवू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, तो प्लॅस्टिक भोसकून वर येतो. बाकीच्या तणांना तो कागद चांगला दबवतो, याला नाही. पाचटही त्याला फारसं अडवत नाही, तरी पाचट पेटवू नका, त्याचे फायदे वेगळे आहेत.

उभ्या उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के, एकरी 36 ग्रॅम. लव्हाळा तीन ते पाच पानांवर, तरारलेला आणि जमिनीत ओल असताना मारा. सुकलेल्या पातीवर मारलं तर औषध खाली गाठीपर्यंत उतरत नाही. त्यानंतर किमान दोन आठवडे रानात खुरपंही नको आणि अवजारही. पात हळूहळू पिवळी पडेल, ती उपटायचा मोह आवरा. मेट्रीब्युझिन किंवा 2,4-डी मारून पात करपलेली दिसते, फोटो छान येतो, गाठी खाली सुखरूप असतात.

ग्लायफोसेटचं म्हणाल, तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फत करायचा, असं बंधन घातलं. आणि तो निर्बंध बाजूला ठेवला तरी उभ्या उसाच्या ओळीत ते मारायचं धाडस मी तुम्हाला सांगणार नाही. उसाच्या पानावर पडलं की ऊसही जातो.

खरा उपाय खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) मोडल्यावर आहे. एप्रिलच्या उन्हात खोल नांगरट करा आणि ढेकळं फोडू नका, तशीच महिनाभर तापू द्या. लव्हाळ्याची गाठ वाळली की मरते. तिला ओल मिळत राहिली तरच ती टिकते, म्हणून त्या महिन्यात पाटाचं पाणी त्या रानात शिरू देऊ नका. पाऊस पडल्यावर ताग किंवा धैंचा दाट पेरा. लव्हाळ्याला सावली मानवत नाही, दाट तागाखाली तो रोडावतो. हे एका हंगामात आटपेल, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. गाठी एका पावसाळ्यात जितक्या वाढतात तितक्या एका उन्हाळ्यात मरत नाहीत. सुगंधी तेलासाठी नागरमोथा म्हणून याच गाठी विकल्या जातात, हे ऐकून काही जण मला भाव विचारतात. खणून काढायची मजुरी त्या भावातून सुटणार नाही.

प्रश्न : कपाशीची वरची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट झाली आहेत. व्हायरस आलाय म्हणून पांढऱ्या माशीचं औषध दिलं, फरक नाही. शेजारी मका आहे.
— ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण उत्तर त्यातच आहे. मक्यात रुंद पानांच्या तणांसाठी 2,4-डी मारतात. कपाशीला त्याचा नुसता वारा लागला तरी पुरतो. फार थोड्या मात्रेतही पानं अशीच होतात, शिरा जवळ येतात, पात्या (फुलांच्या कळ्या) गळतात.

रानात जाऊन बघा. मक्याकडच्या बांधाला लक्षणं जास्त आणि आत जाल तशी कमी असतील तर ते वाऱ्यानं आलेलं आहे. सगळ्या रानात सारखीच असतील तर तुमचाच पंप तपासा. त्याच पंपानं आधी कुणी 2,4-डी मारलं होतं का? दोन्ही बाबतींत जुनी खालची पानं सरळ असतात आणि नंतर आलेली वाकडी. तुडतुड्यांचा त्रास असता तर पानांच्या कडा खाली वळून तांबूस झाल्या असत्या, अशी बोटं फुटली नसती.

मार सौम्य असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी पानं सरळ यायला लागतात. पाणी आणि खत नेहमीसारखं द्या. टॉनिक, संजीवकं घालू नका, 2,4-डी हे स्वतःच संजीवकाच्या जातीचं आहे, त्यात आणखी भर नको. पांढऱ्या माशीचं औषध बंद करा. शेजाऱ्याशी भांडण्याआधी एवढं विचारा की त्यांनी 2,4-डीच्या दोन प्रकारांपैकी इस्टर मारलं की अमाइन. इस्टरची वाफ उडते आणि दुपारच्या उन्हात ती लांब जाते. पुढच्या खेपेला त्यांनी अमाइन, सकाळी, वारा पडलेला असताना मारावं, एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. पंपाचं म्हणाल, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात नळी, नोझल, टाकी रात्रभर भिजवून नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. त्याहून बरं, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंग फासा.

प्रश्न : ज्वारीच्या बुडाशी पांढऱ्या फुलांची बारीक रोपं उगवतात आणि ज्वारी पाणी असून सुकल्यासारखी दिसते. मारायला औषध सांगा.
— ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : फोटो बरोबर आहे, हा टारफुला. तो ज्वारीच्या मुळावर जगतो. वर दिसेपर्यंत जमिनीखाली नुकसान करून झालेलं असतं, म्हणून वरून फवारून या वर्षीची ज्वारी सुधारणार नाही. आता करायचं ते पुढच्या वर्षांसाठी: फुलं येण्याआधी उपटणं. बी धुळीसारखं असतं, एका रोपाला हजारो, आणि जमिनीत दहा वर्षांहून जास्त जिवंत राहतं.

या बियांची एक खोड आपल्या कामाची आहे. जवळ मूळ आल्याशिवाय ते उगवत नाही. मुळातून झिरपणाऱ्या एका द्रव्याची त्याला खूण लागते. गंमत अशी की हे द्रव्य, स्ट्रिगोल, 1966 मध्ये पहिल्यांदा कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं, आणि कापसावर टारफुला जगूच शकत नाही. म्हणजे कापूस बियाला जागं करतो आणि उपाशी मारतो. भुईमूग, सोयाबीन, तूरही हे काम कमी-अधिक करतात. तेव्हा त्या तुकड्यात सलग दोन-तीन वर्षं ज्वारी आणि मका घेऊ नका. नंतर ज्वारी घ्याल तेव्हा शेणखत आणि नत्र पुरेसं द्या, भुकेल्या रानात टारफुला जास्त माजतो.

प्रश्न : सोसायटीशेजारच्या मोकळ्या जागेत गाजर गवत आहे. त्यावर पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगे बसून पानं खातात. फवारणी करून घ्यावी का?
— पुणे

उत्तर : भुंग्यांना जेवू द्या. ते मेक्सिकन भुंगे आहेत. बेंगळुरूत तपासणी करून 1984 मध्ये ते मुद्दाम सोडले गेले आणि पुढे देशभर पसरले. फवारलंत तर त्यांचं खाणंच संपेल. गाजर गवताची देशातली ठळक नोंद 1955 ची, तीही पुण्याचीच, तेव्हा तुमचा मान पहिला. उरलेलं फुलावर येण्याआधी पावसात उपटा. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, त्यानं अंगावर पुरळ येतं आणि दमही लागतो.

प्रश्न : मीठ, व्हिनेगर आणि भांड्याचा साबण मिसळून सेंद्रिय तणनाशक होतं, असा व्हिडिओ पाहिला. दोन एकर कांद्यात वापरू का?
— ता. बारामती

उत्तर : अंगणातल्या फरशीच्या फटींत हवं तर वापरा. रानात नको. व्हिनेगर वरची पानं जाळतं, तणाची आणि कांद्याचीही, आणि हरळी-लव्हाळ्याची मुळं तशीच राहतात. मीठ तर जमिनीतच राहतं. तुमच्याकडे कालव्याच्या पाण्यानं आधीच काही रानं क्षारपड होत आहेत, त्यात पोत्यानं सोडियम घालायला पैसे कशाला मोजायचे? कांद्याला पहिले दीड-दोन महिने जपा, पात बारीक आणि उभी असल्यानं तो स्वतः तणावर सावली धरत नाही. मजूर लावायचे ते याच काळात. तुमच्या कांद्यात तण कोणतं आहे ते मात्र तुम्ही लिहिलेलंच नाही, फोटोही नाही. पाठवलात तर पुढच्या अंकात.