लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पाठवलेला पहिला पॅच, म्हणजे मेलने पाठवलेला कोडमधला बदल, त्यांच्या कोडला ‘लागत नाही’ असं उत्तर का येतं?

बहुतेक वेळा दोष कोडचा नसतो, मेलचा असतो. जीमेलच्या वेब पानावर पॅच पेस्ट केला की टॅबच्या जागी स्पेस येतात आणि साधारण ७८ अक्षरांना ओळ तुटते. मग समोरच्याकडे तो लागणार कसा? ‘गिट सेंड-ईमेल’ (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या ‘गिट’ची मेल पाठवायची आज्ञा) वापरा. आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून, आलेला मेल ‘गिट एएम’ने लावून बघा. ‘चेकपॅच’ (पॅचमधल्या शैलीच्या चुका दाखवणारी कर्नलची स्क्रिप्ट) त्याआधीच चालवलेलं बरं. पॅच कोणाला पाठवायचा ते ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते.

‘साइन्ड-ऑफ-बाय’ (हा बदल द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी, तुमच्या नावाची ओळ) नसेल तर पॅच घेतच नाहीत (बदल नोंदवणाऱ्या ‘गिट कमिट’ला ‘-एस’ जोडा, छोटा एस). सुधारून पाठवताना विषयात ‘व्ही२’ लिहा. काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशांच्या (---) खाली लिहा, म्हणजे ते कमिटच्या मजकुरात जात नाही. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबून मगच आठवण करून द्या.