इतिहासाच्या प्राध्यापकाचे जुने कागद ठेवावेत की रद्दीत द्यावेत?

तुमचे सासरे विद्यापीठात इतिहास शिकवत, ते गेले, माळ्यावर सात-आठ ट्रंका कागद आहेत आणि पुस्तकं ठेवून बाकी रद्दीत द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. नका देऊ. आणि मुख्य म्हणजे, उत्साहाने ते 'नीट लावू'ही नका.

अशाच एका सरांचं दप्तर लावताना आम्ही पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. पत्रं वेगळी, कात्रणं वेगळी, मोडीच्या नकला वेगळ्या, सगळं तारीखवार. दिसायला झकास! मग एका नकलेच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'सोबतचं पत्र पाहा'. सोबतचं कुठलं? टाचणी तर मीच काढून टाकली होती. शेवटी गंजाचा डाग दोन्ही कागदांवर एकाच जागी होता, म्हणून तीन दिवसांनी जोडी जमली.

छापून आलेलं कुठेही मिळतं हो. पाटण्याला, बनारसला इतिहास शिकवलेल्या जदुनाथ सरकारांचे (१८७०–१९५८) कागद कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांचा आणि 'मराठी रियासत' लिहिणाऱ्या आपल्या रियासतकार सरदेसायांचा पत्रव्यवहार जवळजवळ पन्नास वर्षांचा. पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचे, सरदेसायांनी काढलेले ४५ खंड आपण वाचतो, पण पुण्यातल्या इतिहासकार मंडळींशी या दोघांचं कसं वाजलं, ते कळतं पत्रांतून. दीपेश चक्रवर्तींचा २०१५ सालचा जदुनाथांवरचा ग्रंथ बराचसा या पत्रांवरच उभा आहे.

तेव्हा पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती, टिपणांची कार्डं, समासात खरडलेले कच्चे खर्डे यांना हात लावू नका. कोऱ्या समासांची छापील लेखांची चळत खुशाल काढा. विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं मात्र वेगळ्या पाकिटात घालून वर तसं लिहा. ती माणसं हयात असतील, काही वर्षं बंद ठेवा असं कागद घेणाऱ्या संस्थेला सांगता येतं.

कागद ठेवून घ्याल का, असं आधी सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात. घेतीलच असं नाही. जागेची रड सगळीकडे आहे. जाताना ट्रंकवार एक पानी यादी न्या, नुसतं 'खूप कागद आहेत' म्हटलं की समोरचा दचकतो.

तोवर ट्रंका जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, कसर लागलीय का बघा. आणि गंजलेली टाचणी काढावीच लागली, तर आधी मोबाइलवर फोटो घ्या.