नो पार्किंगचं ई-चलन भरलं नाही तर नक्की काय होतं?

तुम्ही विचारलंय की महाराष्ट्रात दुचाकीवर नो पार्किंगचं ई-चलन लागून आठ महिने झाले, पैसे भरले नाहीत, तर दंड वाढेल का, गाडी जप्त होईल का, की सहा महिन्यांनी ते आपोआप रद्द झालं?

आधी रकमेचं. चलनावर व्याज चढत नाही. नो पार्किंगची कारवाई बहुधा मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 1,500 रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे जुनं चलन पडून राहिल्याने फुगत नाही, पण पुन्हा तसंच गाडी लावल्यावर येणारं नवं चलन तिप्पट असू शकतं. गाडी उचलून नेली असेल तर टोइंगचे पैसे या दंडाहून वेगळे.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धवट ऐकून बरेच जण फसतात. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 468). पण ही मुदत न्यायालयासाठी आहे, ई-चलन पोर्टलवरची नोंद त्यामुळे पुसली जात नाही. शिवाय मोजायची ती खटला दाखल झाल्याची तारीख. तुमचं प्रकरण पाचव्या महिन्यात दाखल झालं असेल तर आठवा महिना उजाडून काही फायदा नाही. उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. तेव्हा मुदतीचा मुद्दा न्यायालयात मांडता येतो, पण त्याच्या भरवशावर गप्प बसू नका.

खरा त्रास होतो तो गाडीच्या कागदपत्रांच्या वेळी. चलन माणसावर नाही, गाडीच्या नंबरावर बसतं. थकलेल्या चलनामुळे ‘वाहन’ या सरकारी गाडी-नोंदणीच्या संगणक प्रणालीत गाडी काळ्या यादीत गेली की मालकी हस्तांतरणासारखी कामं अडतात. गाडी विकायला काढल्यावर गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कळतं. नाकाबंदीतही हवालदाराच्या यंत्रावर जुनी चलनं दिसतात आणि तिथेच भरायला सांगितलं जातं. सिबिल स्कोअरवर मात्र याचा काही परिणाम होत नाही.

प्रकरण न्यायालयात गेलं की समन्स येतं. कलम 208 नुसार अशा किरकोळ प्रकरणात स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं, किंवा गुन्हा कबूल करून समन्समध्ये लिहिलेली रक्कम पाठवून मोकळं होता येतं. चलन व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन न्यायालयात गेलं असेल तर त्या संकेतस्थळावर दंड भरायचा की खटला लढवायचा, हे दोन्ही पर्याय दिसतात. समन्सकडे मात्र पाठ फिरवू नका. 500 रुपयांच्या प्रकरणात वॉरंटपर्यंत पोहोचण्यात काहीच शहाणपण नाही. लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. ती मिटवून टाकण्याची संधी असते, पण तिथे दरवेळी सूट मिळतेच असं धरून चालू नका.

आता करायचं काय? महाट्रॅफिक ॲपवर किंवा वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाका. चलन उघडून फोटो नीट बघा: नंबरप्लेट तुमचीच आहे का, गाडीचा रंग आणि मॉडेल जुळतं का, ठिकाण आणि वेळ बरोबर आहे का. काही चुकीचं असेल तर पैसे भरण्याआधी ॲपमधूनच तक्रार नोंदवा, आरसी आणि गाडीचा फोटो जोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. दंड भरणं म्हणजे तडजोडीने गुन्हा मिटवणं, त्यानंतर तक्रारीला अर्थ उरत नाही.

गाडी आधीच विकली असेल आणि फॉर्म 29 व 30 देऊन नाव बदललं नसेल, तर नव्या मालकाची चलनंही तुमच्याच नावावर येत राहतील. तिथे आधी हस्तांतरण पुरं करून घ्या.

पैसे भरल्यावर खात्यातून रक्कम गेली, पण चलन थकीतच दिसत असेल तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, थोड्या वेळाने स्थिती पुन्हा तपासा आणि तरीही बदल नसेल तर तोच क्रमांक देऊन तक्रार करा.

एक धोका सध्या फार वाढलाय. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) येते, ती उघडली की बँक खातं रिकामं होऊ शकतं. मेसेजमधल्या दुव्यावरून कधीच पैसे भरू नका. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तो डॉट जीओव्ही डॉट इनने संपतोय याची खात्री करा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर तोही परिवहन पोर्टलवर आजच बदला, कारण चलनाचे खरे मेसेज त्याच नंबरावर जातात.