ओशिआनियातल्या चिमुकल्या बेटांचे संघ मुलांच्या फुटबॉल वर्ल्ड कपला येतात आणि दहा-दहा गोल खाऊन जातात. मग त्यांना जागा देतातच कशाला?

प्रश्नाखाली तुम्ही दोन उदाहरणं दिली आहेत. २०२३ मध्ये इंग्लंडने न्यू कॅलेडोनियाला १०-० हरवलं आणि २०२५ मध्ये मोरोक्कोने त्याच न्यू कॅलेडोनियाला १६-० असं धुतलं. पुढे विचारलंय की आपल्या एखाद्या शहरापेक्षाही कमी वस्ती असलेल्यांना जागा आणि भारताला नाही, हा कुठला न्याय?

आधी थोडा हिशेब मांडतो, रागावू नका. २०१७ चा सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. अमेरिकेने आपल्याला ३-० हरवलं, कोलंबियाने २-१, घानाने ४-०. गुण शून्य. त्याच स्पर्धेत पहिल्यांदाच आलेल्या न्यू कॅलेडोनियाला फ्रान्सने ७-१ आणि होंडुरासने ५-० हरवलं, पण जपानशी त्यांनी १-१ बरोबरी केली. गुण एक. त्यांची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नवी मुंबईच्या साधारण पाव. तर गुणतक्त्यात आपल्या पोरांपेक्षा पाव नवी मुंबई वर होती.

मी नेरूळचा. या सगळ्याचा नाद मला लागला तो ६ ऑक्टोबर २०१७ ला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. भाच्याला घेऊन गेलो होतो. त्याला तुर्कीचा संघ बघायचा होता, मला घराजवळ वर्ल्ड कप आलाय एवढंच कौतुक. आम्ही निघालोच उशिरा, त्यामुळे तुर्कीचा गोल हुकला. आत शिरलो तेव्हा १-० झालेलं. समोर न्यूझीलंडची गोरीगोमटी पोरं, ऑक्टोबरच्या उकाड्याने गाल टोमॅटोसारखे लाल. चेंडू बाहेर गेला की कडेच्या बाटलीतलं पाणी अर्धं पीत होती, अर्धं मानेवर ओतत होती. मला वाटलं, अर्ध्या तासात बसतील खाली. तर उत्तरार्धात त्यांचा कप्तान मॅक्स माटा याने गोल मारून १-१ केलं आणि शेवटी तसंच राहिलं. भाच्याने विचारलं, "मामा, हे कुठल्या ग्रुपमधून आले?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधलं आणि तिथून जो अडकलो तो अजून सुटलो नाही.

तर ते कुठून येतात ते सांगतो. फिफाने जग सहा महासंघांत वाटलंय, आणि प्रशांत महासागरातल्या बेटांचा महासंघ म्हणजे ओएफसी, कार्यालय ऑकलंडला. त्यात फिफाचे अकरा सदस्य: न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, ताहिती, सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा आणि कूक बेटं. यातले सगळे 'देश' नाहीत बरं का. न्यू कॅलेडोनिया आणि ताहिती आजही फ्रान्सच्या अमलाखाली आहेत. त्यामुळे २०१७ ला गुवाहाटीत फ्रान्स विरुद्ध न्यू कॅलेडोनिया हा सामना म्हणजे एका अर्थाने घरचंच भांडण होतं. आणि ते बरोबरीचंही नव्हतं, कारण तिथली चांगली पोरं फ्रान्सच निवडून नेतं. १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रेंच संघातला ख्रिस्तियान कारांबू न्यू कॅलेडोनियाच्या लिफू बेटावर जन्मलेला.

पूर्वी ऑस्ट्रेलियाही ओएफसीत होता. तो २००६ मध्ये आशियात गेला आणि बाकीच्यांना दार उघडलं. म्हणजे उघडलं ते मुख्यतः न्यूझीलंडला. २००७ ते २०१८ या काळातली सतरा वर्षांखालची प्रत्येक ओशिआनिया स्पर्धा त्यांनीच जिंकली.

मजा आहे ती त्यांच्या मागे दुसरं कोण येतं यात. २०१७ च्या वर्ल्ड कपपासून ओशिआनियाला दोन जागा मिळू लागल्या. म्हणजे पात्रता स्पर्धेचे दोन्ही अंतिम स्पर्धक जाणार. मग अंतिम सामन्याला काय किंमत उरली? फेब्रुवारी २०१७ मध्ये ताहितीत झालेल्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने न्यू कॅलेडोनियाला ७-० हरवलं, तरी दोघंही भारतात आले. त्यामुळे जागा दोनच होत्या तोवर या स्पर्धेत खरी लढाई उपांत्य फेरीत होत असे. तिथे हरलेल्या पोराला पुन्हा संधी नसे, कारण पुढच्या खेपेला त्याचं वय उलटलेलं असे. त्या वर्षांचे निकाल बघताना आधी तो सामना बघा, अंतिम नंतर.

अंतराचा अंदाज आपल्याला येत नाही. नकाशावर ती बेटं शेजारी-शेजारी सांडलेल्या मुरमुऱ्यांसारखी दिसतात. पण न्यू कॅलेडोनियाची राजधानी नूमेआ ते ताहितीचं पापीते हे अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या घरात आहे. काश्मीर ते कन्याकुमारी याहून कितीतरी कमी. त्यात मध्ये तारीखरेषा. नूमेआहून सोमवारी सकाळी निघालेला संघ पापीतेला पोचतो तेव्हा तिथे रविवार संध्याकाळ असते. झोपेचं गणित पार उलटतं. थेट विमानं मोजकी, बहुतेकांना ऑकलंड किंवा फिजीचं नाडी गाठून पुढे जावं लागतं. आणि तिकिटाचे पैसे? चार शेजाऱ्यांशी मैत्रीपूर्ण सामने ठेवायचे म्हटलं तरी या संघांचं वर्षाचं बजेट संपेल. युरोपातला सोळा वर्षांचा मुलगा दर आठवड्याला क्लबकडून खेळतो, वर देशाकडून दौरे. सॉलोमनच्या मुलाला परदेशी संघ दिसतो तो थेट या स्पर्धेत.

म्हणून ते मोठे आकडे येतात. सगळ्यात प्रसिद्ध आकडा २००१ चा, ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. लोक तो हसून सांगतात. तो मोठ्यांचा सामना होता, पण अमेरिकन सामोआचा संघ मात्र बराचसा पोरांचाच होता! मूळ निवडलेल्यांपैकी एक गोलकीपर सोडला तर बाकीचे पासपोर्टच्या नियमात अडकले. वीस वर्षांखालच्या संघातून घ्यावे तर बऱ्याच जणांची शाळेची परीक्षा. मग पंधरा वर्षांची मुलंसुद्धा घेऊन गेले. त्याहून भीषण प्रकार २०१५ च्या पॅसिफिक गेम्समध्ये, पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्स्बीला. तेवीस वर्षांखालच्या गटात मायक्रोनेशियाला ताहितीने ३०-०, फिजीने ३८-० आणि वानुआतूने ४६-० हरवलं. तीन सामने, ११४ गोल. त्या संघातली कित्येक मुलं आपलं बेट सोडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडली होती. मायक्रोनेशिया फिफाचा सदस्यही नाही, म्हणजे मदतीच्या रांगेतसुद्धा नाव नाही.

हे वाचून कीव येईल, पण थांबा. त्याच वर्षी फिजीच्या वीस वर्षांखालच्या मुलांनी वर्ल्ड कपमध्ये होंडुरासला ३-० हरवलं. आधीच्याच सामन्यात जर्मनीकडून ८-१ खाल्लेलं असताना! २०१७ च्या वीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये वानुआतू मेक्सिको आणि जर्मनी दोघांशीही फक्त ३-२ असा हरला. हे निकाल कुणी फॉरवर्ड करत नाही, दहा गोलांचे करतात.

फिजीची गोष्ट तशी आपल्या जवळची. तिथे मूळ रहिवाशांचा जीव रग्बीत, आणि फुटबॉल रुजवला तो गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर तिकडे नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांनी. संघटनेच्या नावातच सुरुवातीला 'इंडियन' होतं. आयएसएल ही आपली फुटबॉल लीग बघत असाल तर रॉय कृष्णा आठवेल, तो तिथलाच.

आता कोलकात्याचा तो जपानचा सामना, १४ ऑक्टोबर २०१७. मी घरी टीव्हीवर पाहिला. सातव्या मिनिटाला जपानच्या केइतो नाकामुराने गोल केला. याच नाकामुराने होंडुरासविरुद्ध तीन मारले होते. मी उठून चहा टाकायला गेलो, म्हटलं आता गोलांचा पाऊस पडणार. चहा झाला, प्यालो, कप विसळला, तरी १-०च. न्यू कॅलेडोनियाची पोरं आता मागे हटत नव्हती, पाय घालत होती, आणि कोलकात्याचं पब्लिक हळूहळू त्यांच्या बाजूला सरकलं. ८३ व्या मिनिटाला कॉर्नर, जेकब जेनोचं डोकं, गोल. डगआउटमधले सगळे मैदानाच्या कडेला. समालोचकाचा आवाज प्रेक्षकांच्या ओरड्यात बुडाला. नंतर याच जपानला बाद फेरीत हरवायला इंग्लंडला पेनल्टी शूटआउट लागलं, आणि इंग्लंड पुढे विजेता झाला. म्हणजे ज्या जपानला विजेत्यांनाही नव्वद मिनिटांत हरवता आलं नाही, त्याच्याशी या पोरांनी बरोबरी केली होती.

आणि तुम्ही दिलेल्या १६-० बद्दल. तो ९ नोव्हेंबर २०२५ चा सामना. त्याच्या तीनच दिवस आधी याच न्यू कॅलेडोनियाने जपानला ०-० वर रोखलं होतं. होय, पुन्हा जपानच! एकाच आठवड्यात एकाच संघाकडून हे दोन निकाल कसे आले? माझ्या मते सरळ आहे. पहिले अकरा एक सामना जीव ओतून खेळतात, पण तीन-तीन दिवसांनी तसाच सामना खेळायला मागे तेवढ्याच ताकदीचे दुसरे अकरा लागतात. पावणेतीन लाखांत सोळा-सतरा वर्षांची मुलं असून असून किती असणार, आणि त्यातली बूट घालून रोज सरावाला येणारी किती?

जागेच्या न्यायाचं म्हणाल तर २०२५ ला वर्ल्ड कप ४८ संघांचा झाला. ओशिआनियाला तीन जागा, आशियाला यजमान कतार धरून नऊ. त्यांच्या तीन काढून आपल्याला दिल्या असत्या तरी उपयोग नव्हता. त्या वर्षी आपण आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरीपर्यंतही पोचलो नव्हतो. पात्रता फेरीत ब्रुनेईला १३-० हरवलं आणि थायलंडकडून हरलो. त्या १३-० नंतर ब्रुनेईला स्पर्धेतून काढा असं आपल्यापैकी कुणी म्हणालं नाही. आणखी एक: मोरोक्कोने मोडला तो या वर्ल्ड कपमधल्या सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम १९९७ चा होता, स्पेनचा १३-०. समोर कोण होतं? न्यूझीलंड. वीस वर्षांनी ज्यांना मी नेरूळला तुर्कीशी बरोबरी करताना पाहिलं तेच.

न्यूझीलंडकडे पन्नास लाखांवर लोक आणि ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळणारे दोन क्लब आहेत, टोंगाकडे यातलं काही नाही, हे कबूल. पण २०१८ ला सॉलोमनची राजधानी होनियारात याच न्यूझीलंडला तिथल्या मुलांनी ओशिआनियाच्या अंतिम सामन्यात ०-० वर अडवून पेनल्टीपर्यंत खेचलं होतं. लॉसन टामा हे तिथलं जुनं मैदान. एका बाजूला गवताळ टेकडीचा उतार, तीच गॅलरी. माणसं छत्र्या घेऊन उतारावर बसतात, पोरंटोरं झाडावर. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला या सॉलोमन संघाने तीन सामन्यांत २० गोल खाल्ले, एकही मारला नाही. टेकडीवरचे लोक तरी पेनल्टीचीच गोष्ट सांगत असतील, असा माझा अंदाज.

बघायचं असेल तर वेळेचं तेवढं लक्षात ठेवा. होनियारात दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी साडेनऊला असतो, आणि ताहितीतला तीनचा आपल्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला. भाचा आता नोकरीला लागलाय, साडेनऊचा सामना त्याला जमत नाही. ताहितीचा असला की मात्र सहा पंचविसला त्याचा फोन येतो, "मामा, उठलास का?"