पुण्यात राहतो, डोंगरात सेकंड होम घ्यायचंय. लोणावळा, पाचगणी की इगतपुरी?

सुट्टीला राहायला पण आणि इन्व्हेस्टमेंट म्हणून पण, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही चार वर्षांपूर्वी ह्याच गोंधळात होतो आणि शेवटी तिघांपैकी कुठेच न घेता वाईजवळ छोटं घर घेतलं, ते का ते सांगते.

आधी पाऊस बघा, व्ह्यू नंतर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पडतो, तिथून जेमतेम २० किमी पूर्वेला पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलात की अजून कमी. कागदावर नुसता आकडा वाटतो हो, पण बंद घराचं चार महिन्यांत काय होतं ते मावसभावाच्या लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये बघितलंय. दर सप्टेंबरला गाद्या उन्हात, कपाटांना बुरशी, भिंतींचे पोपडे. मधे कधी हौसेने गेलाच तर शनिवारी घाटात अडकतो आणि शिव्या घालत परत येतो. भाड्याला लोणावळा चांगलं, मुंबई-पुणे दोन्हीकडचं गिऱ्हाईक मिळतं, फक्त सोसायटी रोजच्या भाड्याला परवानगी देते का ते आधी विचारा. मावसभावाची देत नाही. झालं मग.

इगतपुरीचे भाव समृद्धी महामार्गामुळे चढवून सांगतात. इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा ७६ किमीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, पण त्याचा फायदा मुंबईवाल्यांना, पुण्याहून जाणाऱ्याला काय! आणि पावसाळ्यात धो धो पडून मे महिन्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात, बोअर लागेलच असं नाही. पाण्याचं एजंटला विचारू नका, शेजारच्या घरातल्या बाईला विचारा.

एजंट नेहमी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साईट दाखवतात. आम्ही मुळशीकडचा एक प्लॉट जवळजवळ फायनल केला होता, टोकन देणार होतो, नवरा म्हणाला एकदा जुलैत जाऊन येऊ. गेलो तर रस्त्याचा ओढा झालेला, गाडी अलीकडेच ठेवून चालत गेलो आणि वरचा उतार कापून जी सपाटी केली होती तिची माती आमच्या 'कॉर्नर प्लॉट'मध्ये येऊन पडलेली. माळीण, इर्शाळवाडीच्या दरडी आठवल्या आणि तिथूनच मागे फिरलो.

कागदांचं म्हणाल तर एकच गोष्ट नीट ऐका. शेतजमीन आपल्याकडे शेतकऱ्यालाच घेता येते, आणि "पाच गुंठे घ्या, सामायिक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो" म्हणणारे खूप भेटतील, तिथे तुमचे पाच गुंठे नेमके कुठले हे कोणीच सांगू शकत नाही. जमीन एनए म्हणजे बिगरशेती झाल्याचे कागद बघा, जायला हक्काचा रस्ता आहे का बघा, प्लॉटिंग ५०० चौरस मीटरच्या वरचं असेल तर महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा. पाचगणी बघत असाल तर महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, बांधकामावर बंधनं आहेत, त्यामुळे तिथे परवानगीचं बांधलेलं घर घ्या, "नंतर बांधू" म्हणून प्लॉट नको.

आणि इन्व्हेस्टमेंटचं खरं सांगायचं तर आमच्या घराच्या भाड्यातून केअरटेकरचा पगार, लाइटबिल आणि दर मे महिन्यातलं वॉटरप्रूफिंग एवढं निघतं. ईएमआय आम्हीच भरतो.